चार बैलांतला एक लंगडा

(गांवच्या सभेंत शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)

आपल्या बुलढाणें जिल्ह्यास समुद्र नाहीं. पण चार बैलांच्या नांगराचा एक बैल लंगडला म्हणजे काय होतें, हें तुम्हांस सांगावयास नको. ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाचें तसेंच झालें. चारांपैकीं एका बॉयलरास तडा. वेग मंदावला, आणि जहाज वाऱ्यासमोर जोरानें धांवल्याशिवाय तर विमान उडत नाहीं! तरी पूर्व आरमाराचे सेनापति व्हाइस अॅडमिरल कृष्णन् यांनीं तें १९७१ च्या युद्धांत उतरविलेंच. ४ डिसेंबरास त्याच्या विमानांनीं कॉक्स बाजारच्या विमानतळावर व चितगांव बंदरावर बाँब टाकले. कृष्णनांचें नांव पुस्तकांत आलें, तें यावेंच. पण उरलेल्या तीन बॉयलरांपाशीं घामानें निथळत उभे राहिले, त्या खलाशांचीं व कारागिरांचीं नांवें कोणीं छापलीं?