एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर



वसंत व्याख्यानमालेत संगणकावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. आम्ही विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. परंतु यंत्राचे गुणदोष ते चालविणाऱ्याला विचारावेत, हे आमचे जुने मत आहे. आणि संघटनेच्या कचेरीतले यंत्र हल्ली संगणक हेच.

विषय लहानसाच आहे. एका संगणकावरचा मजकूर उचलून शेजारच्या संगणकावर न्यायचा कसा? पूर्वी मागणीपत्राचा मसुदा एकाने करावा, दुसऱ्याने तो स्टेन्सिलवर उतरवावा, तिसऱ्याने सायक्लोस्टाइलचे यंत्र फिरवावे, अशी रीत होती. कागद हातोहात जाई. आता दोन टेबलांत चार हातांचे अंतर, दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडलेले, आणि तरीही आपण मजकूर ईमेलने स्वतःलाच धाडतो व दुसऱ्या टेबलावर जाऊन उघडतो. शेजारणीला वाटीभर साखर द्यायची, ती मुंबईची वारी करून!

आपण ‘कॉपी’ म्हणतो तेव्हा मजकूर संगणकाच्या स्मृतीतल्या एका कप्प्यात जाऊन बसतो. त्याला क्लिपबोर्ड म्हणतात. ही शाळेतली पाटीच समजा. नवे लिहिले की जुने पुसले. कापा, उचला, चिकटवा ही युक्ती लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० नंतरच्या पाच-सहा वर्षांत कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत बसविली. टेस्लर २०२० साली वारले. गंमत अशी की, एका जागेतले संगणक तारेने जोडण्याची ईथरनेट नावाची पद्धतही १९७३ साली त्याच संशोधनशाळेत निघाली. दोन्ही भावंडे एका घरची. पण पाटी मात्र ज्या त्या संगणकाची आपापलीच राहिली.

ती सामाईक करण्याचे उपाय आज फुकट मिळतात. सर्वांत साधा म्हणजे एका संगणकावर सामाईक फोल्डर करून त्यात एक मजकुराची फाइल ठेवणे. एकाने लिहावे, दुसऱ्याने उघडावे. दुसरा उपाय केडीई कनेक्ट. यात दोन यंत्रांची एकदा ओळख करून द्यावी लागते. मग एकीकडे कॉपी केलेले दुसरीकडे चिकटवता येते. लोकलसेंडनेही मजकूर धाडता येतो. हे सारे राउटरच्या कुंपणाच्या आत चालते, इंटरनेट बंद पडले तरी चालते. १९२.१६८ ने सुरू होणारे संगणकांचे पत्ते तुम्ही पाहिले असतील. ते अशा घरगुती जाळ्यांसाठी राखीव आहेत. बाहेरच्या इंटरनेटवर त्या पत्त्यावर टपाल पोचत नाही.

एवढा खटाटोप कशाला, असे तरुण मंडळी आम्हाला विचारतात. आम्ही त्यांना सभासदांच्या यादीची गोष्ट सांगतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने संघटनेच्या मान्यतेसाठी किमान तीस टक्के सभासदांची अट घातली. तेवढी संख्या जमेपर्यंतचे दिवस फार नाजूक. एका कारखान्यात, नाव सांगत नाही, अशी अर्धवट यादी कोणीतरी सोयीसाठी फोनवरच्या गटात टाकली. उद्देश एवढाच की, दुसऱ्या टेबलावरच्या पोराने ती टंकून घ्यावी. पुढच्या आठवड्यात यादीतल्या पहिल्या दहाबारा जणांच्या पाळ्या बदलल्या, दोघांना गेटावरून परत पाठविले. व्हॉट्सॲपचा मजकूर वाटेत कुलूपबंद असतो हे खरे. पण गटातल्या प्रत्येक फोनवर ते कुलूप उघडते, आणि फोन कोणाच्या हाती असेल ते कोणी सांगावे?

या गावाला हे निराळे सांगायला नको. वासुदेव बळवंत फडके इथलेच. लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी केलेला तो माणूस १८७९ च्या जुलैत पकडला गेला, त्यांची रोजनिशी आणि आत्मवृत्त सरकारच्या हाती पडले, आणि तेच लिखाण खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुढे आले.

आता कुंपणाच्या आतले म्हणजे सुरक्षित, असेही कोणी समजू नये. सामाईक फोल्डर ‘सर्वांसाठी’ खुला ठेवला, तर ज्याला वायफायचा पासवर्ड दिला तो प्रत्येक पाहुणा तो उघडू शकतो. म्हणून फोल्डरला नाव आणि पासवर्ड लावावा. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय असेल तर तेच त्यांना द्यावे. चहाच्या हॉटेलातल्या वायफायवर हे उद्योग करूच नयेत. पाटीवरही लक्ष असावे. संगणकावर चालू असलेला दुसरा प्रोग्रॅम ती वाचू शकतो. २०२० साली ॲपलने फोनमध्ये पाटी वाचली जाताच सूचना दाखवायला सुरुवात केली, तेव्हा कितीतरी नामांकित ॲप न विचारता डोकावताना सापडले. विंडोजमध्ये २०१८ पासून जुन्या नोंदी साठविण्याची सोय आहे. शिवाय खात्यामार्फत त्या दुसऱ्या यंत्रावर नेण्याचीही आहे. ही दुसरी सोय म्हणजे पुन्हा मुंबईची वारी. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद आहे ना, हे पाहावे.

एक मराठीची अडचण राहिली. जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की त्याचा इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो. कारण आत इंग्रजीचेच संकेत, वर फक्त मराठीचा अंगरखा. १९९१ च्या युनिकोडने देवनागरीच्या अक्षरांना त्यांचे स्वतःचे संकेत दिले. यादी युनिकोडमध्येच करावी, नाहीतर माणसाचे नावच त्याला ओळखू येणार नाही. जुन्या याद्या आधी रूपांतर करून, नावागणिक ताडून घ्याव्यात. जोडाक्षरे आणि रफार तिथेच हमखास घसरतात.

मागच्या बाजूला दोन संगणक आणि एक राउटर मांडून ठेवला आहे. इंटरनेटची तार आम्ही मुद्दाम काढली आहे. ज्यांना हात लावून पाहायचा आहे त्यांनी पुढे यावे. शाळेच्या मुलांना आधी जागा द्यावी.