शहाणपण वेशीवर उभे आहे



आज मी तुमच्याशी शहाणपणाविषयी चार शब्द बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, "शहाणपण म्हणजे शिकलेल्या लोकांचं काम. आम्ही काल-परवा कुठं सही करायला शिकलो. आम्हाला ते कसं मिळणार?"

आपल्या दुधनीचा बाजार डोळ्यांसमोर आणा. तुरीचा हंगाम आहे. आडत दुकानासमोर पोत्यांची थप्पी लागली आहे. हमाल ओझी वाहत आहेत. कोणी मराठीत बोलतो, कोणी कन्नडमध्ये. लिलावाचा गलबला चालला आहे. या गर्दीत शहाणपण सापडेल का? आपल्याला वाटते, ते दूर कुठेतरी जाड ग्रंथात, नाही तर मोठ्या शहरात असेल.

बायबल हा ख्रिस्ती लोकांचा धर्मग्रंथ. त्यात 'नीतिसूत्रे' नावाचा भाग आहे. तिथे शहाणपणाला एका बाईचे रूप दिले आहे. ही बाई दार लावून घरात बसत नाही. ती रस्त्यावर, चौकात, वेशीच्या तोंडाशी उभी राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्याने हाक मारते. त्या काळी वेशीपाशीच पंच बसत. तिथेच देणेघेणे चाले. म्हणजे जिथे माणूस सौदा करतो, भांडतो, शब्द देतो, तिथेच शहाणपण त्याला भेटायला येते. त्याच भागात आळशी माणसाला मुंगीपासून धडा घ्यायला सांगितले आहे. खोट्या तराजूचा देवाला वीट येतो, असेही बजावले आहे. मुंगी आणि तराजू! या गोष्टी आपल्यापैकी कोणी पाहिल्या नाहीत?

प्रभू येशू स्वतः सुतारकाम करीत असे. त्याच्या पहिल्या सोबत्यांत मासे धरणारे कोळी होते. तो शिकवी तेही रोजच्या गोष्टी सांगून. एक शेतकरी पेरायला निघाला. काही बी वाटेवर पडले, ते पाखरांनी खाल्ले. काही खडकाळ जागी पडले, ते उगवले आणि वाळून गेले. काही काट्यांत गुदमरले. चांगल्या जमिनीत पडले, त्याला मात्र भरघोस पीक आले. तसेच चांगल्या शब्दाचे होते. ज्याला काळे रान आणि मुरमाड रान यांतला फरक कळतो, त्याला ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाही.

आता आपल्या महाराष्ट्रातलेच एक उदाहरण घ्या. दुधनीवरून सोलापूरमार्गे पुण्याला जाणारी रेल्वे आहे ना? त्याच वाटेवर दौंडच्या पुढे केडगाव स्टेशन लागते. तिथे पंडिता रमाबाई राहत. त्यांचा जन्म 1858 सालचा. संस्कृत विद्येत त्या एवढ्या तयार होत्या की, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हणून गौरविले. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. दुष्काळात उपाशी फिरणाऱ्या मुलींना आणि निराधार विधवांना त्यांनी केडगावला आसरा दिला.

बायबल मराठीत होते, पण त्यातले पुष्कळ शब्द साध्या बायकांना जड जात. मग रमाबाईंनी काय केले? "या बायकांना काय कळतंय," असे त्या म्हणाल्या नाहीत. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकल्या. मूळ ग्रंथ वाचून त्यांनी त्याचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याची छपाई आश्रमातल्या बायकांनीच केली. 1922 साली रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. एवढी मोठी पंडिता, पण तिने आपली विद्या माडीवर ठेवली नाही, अंगणात आणून ठेवली.

मग आपले अडते कुठे? अडते लाजेपाशी. समजा, माल विकला आणि हातात पट्टी आली. हमाली किती कापली, तोलाई किती, हे नीट कळले नाही. विचारावे, तर चारचौघांत हसे होईल. म्हणून माणूस पट्टी खिशात घालतो आणि मुकाट्याने गाडी धरतो. कर्जाच्या कागदावर सही करतानाही तसेच. घटकाभराची लाज वाचते आणि वर्षभराचा घोर लागतो.

बायबलात याकोबाचे एक पत्र आहे. त्यात सांगितले आहे की, ज्याला शहाणपण कमी पडते त्याने देवाजवळ मागावे. देव सढळ हाताने देतो आणि मागणाऱ्याला हिणवीत नाही. पाहा, विचारणाऱ्याला देव जर हिणवीत नाही, तर आपण माणसांना का भ्यावे? आणि दुसऱ्याने विचारले, तर आपण त्याला का हसावे?

अडायला आणखी एक जागा आहे, ती म्हणजे गर्व. चार अक्षरे आली की निरक्षर आई अडाणी वाटू लागते. पण कणगीतले धान्य किती दिवस पुरेल, पाहुण्याला काय वाढावे, भांडण कुठे थांबवावे, हे तिला कोणी शिकवले? अक्षर हा दिवा आहे. दिवा हातात आला म्हणून वाट आपोआप चालून होत नाही. आणि ज्यांनी अंधारातही वाट काढली, त्यांना विसरून चालत नाही.

म्हणून आज घरी गेल्यावर दोन गोष्टी करा. घरात न कळलेला एखादा कागद असेल तो काढा, आणि उद्या जाणत्याला विचारा. आणि रात्री आईजवळ, सासूजवळ बसून एवढेच म्हणा, "तू हे सगळं कसं निभावलंस, सांग ना."

वेशीवरची ती हाक तुम्हाला घरातच ऐकू येईल.