मुलांची न थांबणारी आकडी
(यवतमाळ येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंगल प्रसंगी दुखण्याचा विषय काढल्याबद्दल आम्ही आपली क्षमा मागतो. परंतु हा विषय आपल्या घरांत दाराआड बोलला जातो, म्हणूनच येथे तो उघड मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुलाची आकडी बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. पाच मिनिटे उलटली तर ती आपणहून थांबण्याचा संभव कमी होत जातो. तीस मिनिटांपलीकडे मेंदूस कायमची इजा पोहोचण्याचे भय असते. तेव्हा घड्याळ पाहावे, मुलास कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. कांदा, वहाण आणि मांत्रिक यांत गेलेला वेळ परत मिळत नाही. उमरखेडकडील खेड्यातून यवतमाळचे शासकीय रुग्णालय गाठावयास किती वेळ मोडतो, हे आपणांस सांगावयास नकोच.

पहिल्या दोन प्रकारच्या औषधांनाही आकडी दाद देत नाही, तेव्हा मुलास अतिदक्षता विभागात भुलीच्या औषधाखाली ठेवावे लागते. पुढे काय होणार, हे मुख्यतः मूळ कारणावर अवलंबून असते. साध्या तापातली आकडी लांबली तरी बहुतेक मुले सावरतात. मेंदूज्वराची गोष्ट निराळी. आपल्या नागपूरकडच्या चांदीपुऱ्याचे नाव लाभलेला विषाणू १९६५ साली प्रथम हाती लागला. २००३ साली आंध्र प्रदेशात त्याच्याशी निगडित साथीत ३२९ आजारी मुलांपैकी १८३ दगावली. न थांबणाऱ्या आकडीतून वाचलेल्या मुलांपैकी काही पूर्ववत होतात. काहींना अपस्मार जडतो, कोणाचे बोलणे, कोणाचे शिकणे मागे पडते.

औषध एकाएकी बंद करणे, हेही अशा आकडीचे एक नेहमीचे कारण आहे. आमच्या नात्यातील एका घरी थोरल्या मुलीस पाहावयास पाहुणे यावयाचे होते. धाकट्याच्या गोळ्या फडताळात दडवा, असे सुचविणाऱ्यांत आम्हीही होतो. दडविलेल्या गोळ्या पुढे चार दिवस दिल्याच गेल्या नाहीत. पाचव्या दिवशी पाऊण तास आकडी चालली. मुलगा वाचला, पण बाराचा पाढा घडाघडा म्हणणारा तो मुलगा आज दहापर्यंतचे अंकही अडखळत मोजतो. लग्न मात्र जमले.

हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर १९९९ सालीच दूर झाला. आमच्या वधूवर-सूचीच्या अर्जात मात्र ‘घराण्यात फिट येण्याचा आजार आहे काय?’ हा प्रश्न अद्याप छापला जातो. तो पुढील वर्षापासून गाळावा, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे.