गाठ नाही म्हणून हुश्श केलं

आम्ही पळस्प्याच्या बचत गटाच्या बायका बोलतोय.

आमच्या बैठकीत हप्ते भरून झाले, वहीवर सह्या झाल्या, की चहा होतो आणि मग खऱ्या गप्पा सुरू होतात. अशाच एका बैठकीत आमच्या एक काकी हळूच म्हणाल्या, "डाव्या छातीत जड जड लागतं. ब्लाउज त्या अंगाला घट्ट होतो." आम्ही सगळ्यांनी एकच विचारलं, "गाठ लागते का हो?" त्या म्हणाल्या, "गाठ नाही." आणि आम्ही हुश्श केलं. तिथेच आमचं चुकलं.

ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनाही गाठ लागली नाही. गोळ्या दिल्या. मॅमोग्राफीत ठळक असं काही आलं नाही. चार महिने गेले. मग एक दिवस आंघोळ करताना काकींच्या लक्षात आलं, स्तनाचं बोंड आत ओढलं गेलंय. तेव्हा सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासला, आणि कागदावर आलं : इन्व्हेजिव्ह लोब्युलर कार्सिनोमा.

काकींच्या जावेला पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता. तिच्या कागदावर 'डक्टल' लिहिलं होतं. मग गल्लीत चर्चा, हा दुसरा जास्त वाईट का? आम्ही दोघीजणी काकींबरोबर ओपीडीत गेलो आणि वहीत लिहून नेलेले प्रश्न विचारले. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं.

स्तनात दूध तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात, करवंदांच्या घोसासारख्या. त्यांच्यापासून बोंडापर्यंत दूध आणणाऱ्या नळ्या असतात. ग्रंथींवरून लोब्युलर हे नाव आलं, नळ्यांवरून डक्टल. पण खरा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात त्यावरून होतो. डक्टल सगळ्यात जास्त आढळतो, दहातल्या सात-आठ बायकांना तोच. लोब्युलर जगभरात शंभरात दहा ते पंधरा जणींना होतो, आपल्या देशात त्याहूनही कमी.

आता गाठ का लागत नाही? आपण तांदळाची भाकरी करतो. उकड नीट काढली तर पीठ एकमेकाला धरतं, गोळा होतो. नाहीतर भुरभुरतं. डक्टलच्या पेशी एकमेकींना धरून राहतात, त्यांचा कडक गोळा हाताला लागतो. लोब्युलरच्या पेशींत त्यांना चिकटवून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन बहुधा नसतं. मग त्या सुट्या होऊन, मुंग्यांसारख्या एकामागे एक, चांगल्या मांसात शिरत जातात. म्हणून नुसता जाडपणा, भरलेपणा, कातडीला खळी, ओढलेलं बोंड एवढंच दिसतं. मॅमोग्राफीतही हा लपू शकतो. किती पसरलाय ते बघायला कधी एमआरआय लागतो.

"मग जास्त वाईट का?" हा प्रश्न आम्ही दोनदा विचारला. नुसत्या नावावरून तसं ठरत नाही. कितव्या टप्प्यावर सापडला आणि ई.आर., पी.आर., हर-टू या तपासण्यांचं काय आलं, त्यावर उपचार ठरतात. बहुतेक लोब्युलर कर्करोग स्त्रियांच्या हार्मोनवर पोसतात, त्यामुळे हार्मोन रोखणारी गोळी त्यांना चांगली लागू पडते. ती पाच वर्षं, कधी त्याहून जास्त घ्यावी लागते. मध्येच सोडायची नाही. आणि हा पुढे कधी पोटात, आतड्यात, अंडाशयातही डोकं वर काढू शकतो. म्हणून या बाईने पोटाची तक्रार अंगावर काढू नये, पित्त म्हणून सोडा पिऊन बसू नये.

हाताने तपासून काय होतं, असं आमच्यातल्या काहींना वाटायचं. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत होत्या. २०२१ साली निकाल छापून आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. हे काम करणाऱ्या त्या सेविका डॉक्टर नव्हत्या, आपल्यासारख्याच बायका होत्या. त्याच टाटाचं खारघरचं केंद्र आपल्या पनवेल तालुक्यातच आहे, आणि खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करता येते.

काकींचं ऑपरेशन झालं, शेक झाले. आता रोज रात्री जेवणानंतर एक गोळी. सांधे दुखतात म्हणून कुरकुरतात, पण चुकवत नाहीत. जावच आठवण करते.

बैठकीत आता आम्ही "गाठ आहे का" असं विचारत नाही. "दोन्ही बाजू पूर्वीसारख्या आहेत का" असं विचारतो. पुढच्या बैठकीला सिस्टरबाई तीस वर्षांपुढच्या सगळ्यांना तपासायला येणार आहेत. खोलीला पडदा हवा. काकी म्हणाल्या, दोन जुन्या साड्या मी आणते.