आधी दोघांची तपासणी, मग बोलणी
(बपेरा येथे ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत एका सदस्य ताईने केलेले भाषण)

ताईंनो, बचतीचा हिशोब झाला, आता दहा मिनिटं मला द्या.

लग्नाला दोन-चार वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की बोट सुनेकडेच जाते. ओटी भरायला तिला कोणी बोलवत नाही. मी हे सहा वर्षं सोसलं. माझ्या साऱ्या तपासण्या झाल्या, यांची एकही नाही. शेवटी यांची वीर्यतपासणी झाली, तेव्हा कळलं की शुक्राणू एकमेकांना चिकटून बसतात. कारण निघालं अँटीबॉडी.

कोरोनात हा शब्द आपण ऐकला. बाहेरचा जंतू आला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, बनवते. कधी शरीर चुकते आणि शुक्राणूलाच परका समजते. बांधावरून चालताना लुगड्याला कुसळं चिकटतात ना, तशी ही प्रतिपिंडं शुक्राणूच्या अंगावरच्या प्रथिनांना चिकटतात. शेपटीला चिकटली तर त्याला नीट पोहता येत नाही. डोक्याला चिकटली तर स्त्रीबीजाचं आवरण धरता येत नाही, आत शिरता येत नाही. पाळी नीट, दुखणं नाही, तरी दिवस राहत नाहीत.

ही प्रतिपिंडं बाईच्या शरीरात होतात, तशी पुरुषाच्या स्वतःच्या शरीरातही. अंडकोषाला मार लागला, ऑपरेशन झालं, तर होऊ शकतात. नसबंदीनंतर बऱ्याच पुरुषांत होतात. त्याने तब्येत बिघडत नाही, पण नसबंदी पुन्हा उघडून मूल हवं असेल तर अडचण येऊ शकते. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांनी शुक्राणूवरच्या अशाच एका प्रथिनाचा अभ्यास केला आहे. मग आपण नशिबाला आणि सुनेला दोष काहून द्यायचा?

हे कारण थोड्याच जोडप्यांत असते. म्हणून सुरुवात साध्या वीर्यतपासणीपासून करा. वर्षभर दिवस राहिले नाहीत, किंवा बाईचं वय ३५ च्या वर असून ६ महिने झाले, तर दोघंही डॉक्टरकडे जा. आशाताईला विचारा, तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. तपासणीआधी २ ते ७ दिवस संबंध नको.

उपाय आहेत. शुक्राणू धुऊन गर्भपिशवीत सोडतात, किंवा एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात घालतात. दुसरा उपाय महाग आहे. म्हणून गटातून कर्ज मागायला कोणी बहीण आली, तर तिला बाजूला घेऊन हळूच विचारा, "भाऊजींची तपासणी झाली का?"

माझ्यावेळी हे कोणी विचारलं नाही. तुम्ही विचारा.