बाळंतिणीला घरी न्यायची घाई नको



सोलापूरच्या डफरीन चौकातून रोज हजारो माणसं ये-जा करतात. लेडी डफरीन या व्हाइसरॉयच्या पत्नी. हिंदुस्थानातल्या बायकांना स्त्री डॉक्टरांकडून औषधपाणी मिळावं म्हणून त्यांनी १८८५ साली एक निधी उभारला आणि देशभर ठिकठिकाणी त्यांच्या नावाचे जनाना दवाखाने निघाले. सोलापूरचा डफरीन दवाखाना त्याच परंपरेतला. त्या काळात बाळंतपणासाठी बाईनं दवाखान्याची पायरी चढावी म्हणून घरच्यांची मनधरणी करावी लागे. आज ते दिवस उरलेले नाहीत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात.

बाई दवाखान्यात येते. पण ती तिथं थांबते किती?

सोलापुरातल्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा सगळ्या भाषा कानावर पडतात. यंत्रमागावर राबणाऱ्याची बायको, विड्या वळणारी, शेतमजुरीला जाणारी, अशा सगळ्या जणी शेजारी-शेजारी असतात. मोकळी झाल्यावर काही तासांतच एखादीचे घरचे विचारायला लागतात, “सुखरूप सुटली ना? मग कधी सोडताय?” त्यामागची अडचण खरी असते. मोठं लेकरू घरी शेजारणीच्या भरवशावर असतं. नवऱ्याचा एक दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरी बुडते. विडी कामगार बाईचा हिशेब तर हजारी विड्यांवर चालतो. सूप मांडीवर आलं नाही, तर हातात पैसा येत नाही. शिवाय पाचवी पूजायची असते, पाहुणे यायचे असतात.

पण शरीराचं वेळापत्रक वेगळं आहे. वार पडल्यानंतर गर्भाशय आकसायला लागतं आणि वार जिथं चिकटलेली होती तिथल्या उघड्या रक्तवाहिन्या त्या आकसण्यानं मिटतात. म्हणूनच वॉर्डातली सिस्टर पुन्हा पुन्हा येऊन बाळंतिणीचं पोट दाबून पाहते. बेंबीच्या आसपास चेंडूसारखा घट्ट गोळा हाताला लागला, की तिला हायसं वाटतं. तो मऊ लागला, तर ती तिथंच पोट चोळायला लागते, लघवी झाली का विचारते, पॅड किती भिजलं ते पाहते आणि डॉक्टरांना हाक मारते. भरलेल्या मूत्राशयामुळंही गर्भाशय नीट आकसत नाही, म्हणून लघवीची ही चौकशी. नातेवाइकांना हे उगीच त्रास देणं वाटतं. पण अंगावरून जास्त जायला लागलं, तर धडधाकट बाईसुद्धा तासा-दोन तासांत हातची जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीनुसार बाळंतपणानंतर होणाऱ्या मातामृत्यूंपैकी जवळपास निम्मे पहिल्या २४ तासांत होतात.

बाळंतपण झालं म्हणजे रक्तदाबाचा धोका टळला, असंही नाही. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं, छातीखाली दुखणं ही लक्षणं “थकवा असेल” म्हणून सोडून द्यायची नसतात.

बाळाचंही तसंच. पहिल्या तासात त्याला अंगावर घ्यायचं आणि चीक पाजायचा. मध नको, गुळाचं पाणी नको, घुटी नको. पहिल्या २४ तासांत कावीळ ब प्रतिबंधक लस, त्याबरोबर बीसीजी आणि पोलिओचे थेंब, रक्तस्राव होऊ नये म्हणून के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. बाळानं पहिली काळसर शी केली का, लघवी केली का, अंगावर पिवळेपणा चढतोय का, हे जाणत्या नजरेनं पाहावं लागतं. दूध ओढायला शिकायला बाळाला आणि पाजायला शिकायला आईला थोडा वेळ लागतो. पहिलटकरणीला तर जास्तच.

म्हणून साध्या बाळंतपणानंतर किमान ४८ तास दवाखान्यात राहावं, असं आपल्याकडच्या आरोग्य यंत्रणेचं सांगणं आहे. सिझेरियन असेल, तर मुक्काम अर्थातच वाढतो. खर्चाच्या भीतीनं लवकर निघणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. १ जून २०११ पासून देशात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू आहे. त्यात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, गरज पडली तर रक्त, सगळं मोफत आहे. साध्या बाळंतपणानंतर ३ दिवस आणि सिझेरियननंतर ७ दिवस बाळंतिणीचं जेवणही मोफत. घरून दवाखान्यात आणणं आणि परत घरी सोडणं, तेही त्यातच.

बुडणाऱ्या मजुरीचा विचार कायद्यानं फार पूर्वी केला आहे. १९६६च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानं घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही मातृत्व लाभाच्या कक्षेत आणलं. हजारो बायका ज्या शहरात विड्या वळतात, तिथं हा हक्क प्रत्येकीला ठाऊक असायला हवा. तो बजावायचा, तर बाईचं नाव कामगार म्हणून नोंदलेलं हवं आणि कार्ड जपून ठेवलेलं हवं.

दवाखान्यांकडूनही अपेक्षा आहे. स्वच्छ चादर, आडोशाला पडदा, चालू स्थितीतलं स्वच्छतागृह, सोबतीला आलेल्या आईला किंवा सासूला टेकायला जागा आणि बाळंतिणीशी चार शब्द नीट बोलणारं माणूस. एवढं असेल तर ती थांबायला आपण होऊन तयार होते. ते नसताना तिला दोष देणं न्यायाचं नाही.

सासूबाईंना, आईंना आणि बाळाच्या बाबांना एकच विनंती. डॉक्टर सोडतील तेव्हाच निघा. निघण्यापूर्वी आईचं आणि बाळाचं कार्ड मागून घ्या, परत कधी दाखवायचं ते विचारा आणि घरी सोडायला १०२ क्रमांकाची गाडी मागा. घरी गेल्यावर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई येतील. त्यांना दारातून परतवू नका, बाळाला उघडं करून दाखवा. आणि मधल्या काळात ताप आला, अंगावरून जास्त गेलं, बाळ प्यायचं थांबलं किंवा सुस्त पडलं, तर सकाळ व्हायची वाट न पाहता १०८ ला फोन करा.