पांढरीची साक्ष
(मंदिर जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



आज सर्वांच्या नजरा कळसाकडे आहेत. घटकाभर जमिनीकडे पाहू या.

खानदेशात शिवारातून जाताना काळ्या जमिनीत मधेच पांढुरके टेकाड लागते. त्यात खापऱ्या सापडतात, एखादे फुटके जाते निघते, आणि जवळ शेंदूर लावलेला मारुती एकटाच उभा असतो. म्हातारी माणसे सांगतात, "तठे पहिले गाव व्हतं." तीच त्या गावाची पांढरी, आणि भोवतालची शेती ही काळी. वस्ती उठली तरी महसुली दप्तरात गाव राहते. त्याची शीव असते, नकाशा असतो, जमिनीचे उतारेही निघतात. अशा गावाला बेचिराग म्हणत, म्हणजे जेथे दिवा लागत नाही ते.

दिवे विझले त्याची कारणे कठोर आहेत. 1630 च्या सुमाराचा भीषण दुष्काळ, पुढे 1802 ची होळकरी धामधूम आणि तिच्या पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ. 1818 साली इंग्रजांचा अंमल आला तेव्हा खानदेशात कितीतरी गावे ओसाड होती.

काळीच्या खुणाही वाचता येतात. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली असे. फडात प्रत्येकाचा तुकडा वेगळा, पण पीक सर्वांचे एकच. पाणी पाटकरी देई आणि राखण जागल्या करी. भांडणे तेव्हाही होत असतीलच, पण पाट एकट्याचा नव्हता.

चाळीसगावजवळचे पाटण पाहा. यादवकाळी ती भरती पेठ होती, नंतर उजाड झाली. तेथील शिलालेख शके 1128 चा आहे, म्हणजे इ.स. 1207 चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला दिलेल्या दानाचा तो लेख. शेवटचा भाग मराठीत आहे. त्यात बाजारात येणाऱ्या मालावरचा वाटा, सुपाऱ्या, घाण्याचे तेल अशा देणग्या नोंदल्या आहेत. राजाच्या दानाशेजारी तेलाचे मापही दगडावर कोरले गेले. पेठ गेली, पण देणाऱ्यांचा हिशेब राहिला. आज आपल्या फलकावर सव्वा रुपयाचे नाव आहे, ते योग्यच आहे.

मात्र प्रत्येक गावाला शिलालेख नसतो. बाकीच्यांचा लेख म्हणजे ते टेकाडच. धाब्याच्या घरांवर आणि शेतात टाकायला पांढरीची माती पिढ्यानपिढ्या नेली गेली, गरज होती. पण गिरणाकाठी बहाळ येथे 1950 च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे थर मिळाले. ते टेकाड आधीच गाड्या भरून नेले असते, तर काय मिळाले असते?

सभामंडपाच्या जोत्याला अजून भराव लागणार आहे, आणि पांढरी जवळ असल्याने तिचे नाव निघाले आहे. भराव नाल्याच्या मुरुमाचा घ्यावा. चार खेपा जास्त पडतील, त्यांचा खर्च वर्गणीत धरावा.